दोनशे ऐंशीच्या जिवाला घोर

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण माझी जागा संगणकाच्या पोटात असते. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावर जे दिसते, हलते, उजळते ते रंगवायचे काम माझे. अंगात तांब्याच्या नळ्या, वर दोन पंखे आणि पाठीवर छापलेला माझा क्रमांक : २८०. हा क्रमांक लक्षात ठेवा. माझे सगळे दुखणे तिथूनच सुरू झाले.

आकडा जितका मोठा तितके कार्ड भारी, असे पुष्कळांना वाटते. आमच्या घराण्यात तसे नसते. पहिला अंक आमची पिढी सांगतो आणि पुढचे अंक त्या पिढीतला मान. वीस म्हणजे वरकामाचा, साठ म्हणजे कामाला वाघ, ऐंशी म्हणजे घरातला थोरला. मी दुसऱ्या पिढीचा, पण थोरला. ही फुशारकी नाही. आजकाल स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी लागते, दुसरे कोण देणार?

माझी उमेदीची वर्षे सायगॉनच्या एका गेमिंगच्या दुकानात गेली. तिथल्या पोरांनी माझ्याकडून इतक्या लढाया करवून घेतल्या की माझ्या अंगातून भट्टीसारखी वाफ निघायची. पण ती पोरे माझे कौतुकही करायची. पुढे नव्या पिढ्या आल्या, दुकान बदलले आणि मी मेकाँगच्या खोऱ्यात एका नाटकमंडळीकडे येऊन पडलो.

ही मंडळी गाण्याची नाटके करते. होडीतून सामान न्यायचे, गावदेवाच्या उत्सवात देवळासमोर मांडव घालायचा आणि राजे, राण्या, सेनापती उभे करायचे. पूर्वी मागे रंगवलेले कापडी पडदे असत. आता दिव्यांची भलीमोठी भिंत असते आणि तिच्यावर नदी, राजवाडा, वादळ सगळे मीच दाखवतो. मंडळीची मालकीण साउ लाय. साउ म्हणजे सहावी. तिकडे घरात कितवे जन्मलात त्या आकड्यानेच हाक मारतात. बाई मायाळू, पण तोंड तिखट. संगणक सांभाळणारा खांग तिला मावशी म्हणतो.

आणि ताम काका. ताम म्हणजे आठवा. त्यांचे नाव ताम बेन, वय त्र्याहत्तर, मंडळीचा सर्वांत जुना गायक. त्यांचा नावाडी बघायला लोक तीन गावे ओलांडून येतात. या नावाड्याची मुलगी नदीत हरवलेली असते. म्हातारा रात्रभर वल्हे मारत तिला शोधतो, मग चंद्र उगवतो आणि तो पहिली ओळ उचलतो. नाटकात हा चंद्र दोनदा उगवतो. एकदा मध्यंतराच्या आधी आणि एकदा अगदी शेवटी. दोन्ही वेळा बायका पदर शोधत बसतात, म्हणजे तिकडे पदर नसतो, खांद्यावरचा चौकटीचा पंचा असतो, त्याने डोळे पुसतात.

आता एक गुपित सांगतो. ते फक्त मला आणि खांगला ठाऊक होते. ताम काकांना ऐकू येईनासे झाले होते. वाद्यांचा घुमारा फळ्यांतून पायांना लागायचा, त्यावर ते सूर धरायचे. पण ओळ कधी उचलायची त्याची खूण एक वादक पायाने लाकडी ठोकळा वाजवून देतो आणि ती टक् त्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हती. एकदा खांगच्या हातून चंद्र चुकून लवकर उगवला आणि काकांनीही ओळ लवकर उचलली. वादकांची धांदल उडाली. नंतर खांग ओठ दिसतील असा त्यांच्या समोर उभा राहून म्हणाला, ‘‘काका, तुम्ही ठोकळ्यावर नाही, चंद्रावर गाता!’’

काकांनी त्याचा हात दाबला. ‘‘वल्ह्यावर उजेड पडला की मला कळतं रे. मालकिणीला बोलू नकोस. तिनं मला खाली बसवलं ना, तर मी घरी जाऊन काय कोंबड्यांना गाणी ऐकवू?’’

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. आधी चंद्र उशिरा निघाला तर फार तर कुणी शिटी मारली असती. आता त्या चंद्रावर एका माणसाचे सगळे आयुष्य टांगलेले होते. दर प्रयोगाला ठोकळा वाजायचा, खांग बोटाने कळ दाबायचा आणि मी जिवाच्या आकांताने ढग, लाटा, धुके बाजूला सारून चंद्र वर आणायचो. कधी चुकलो नाही. पण माझा एक पंखा कुरकुरायला लागला होता आणि ती कुरकूर मांडवभर ऐकू जायची.

‘‘खांग, तुझ्या डब्यात भाताची गिरणी चालू आहे का रे?’’ एकदा साउ मावशी कडाडल्या. ‘‘राणी रडतेय आणि मागनं घर्र घर्र! चल शहरात, नवीन काय ते घेऊन येऊ.’’

खांगने मला कापडात गुंडाळून बरोबर घेतले. कान थो शहरातल्या एका दुकानात त्याने मला काचेच्या फळीवर ठेवले. दुकानदार जरा वयस्कर होता. त्याने मला उचलले, वजन पाहिले आणि म्हणाला, ‘‘अरे वा, दोनशे ऐंशी! हे अजून चालतंय?’’

इतक्या वर्षांनी कुणी असे म्हणाले. मी हुरळलो. पण मावशींचे लक्ष दुसरीकडेच होते. त्या बोटांवर मोजत होत्या.

‘‘दोन नि आठ दहा. दहा म्हणजे शून्य. बू!’’ त्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘इतकी वर्षं आपण बू पोटात घेऊन फिरतोय! तरीच त्या वेळी आपली होडी गाळात रुतली!’’

मित्रांनो, तिकडे आकड्यांचा असा हिशोब चालतो. अंकांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक धरायचा. नऊ आले तर भाग्य उघडले. शून्य आले तर त्याला बू म्हणतात आणि त्यापेक्षा वाईट काही नाही. गाडीची पाटी, फोनचा नंबर, घराचा क्रमांक, सगळे आधी या चाळणीतून जाते.

‘‘मावशी, कार्डाला कुठं शकुन असतो?’’ खांग म्हणाला.

‘‘नसतो कसा? तुझ्या मोटारसायकलच्या पाटीवर नऊ आले तेव्हा तीन दिवस पेढे वाटल्यासारखा हसत होतास. तेव्हा नाही सुचलं?’’

दुकानदाराने एक खोके पुढे केले. ‘‘हे पाचशे साठ घ्या. मोठ्या पडद्याला दमदार आहे.’’

‘‘पाच नि सहा अकरा. म्हणजे एक. एकानं काय माझं तोंड गोड होतंय? ते पलीकडचं किती?’’

‘‘ते सातशे वीस. पण बाई, ते हलक्या कामाचं आहे. ऑफिसात वगैरे...’’

‘‘सात नि दोन नऊ!’’ मावशींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ‘‘हलकं म्हणजे वीज कमी खातं ना?’’

‘‘कमी खातं. आवाजही करत नाही.’’

‘‘आवाज नाही, खाणं कमी, नऊ आकडा. असा जावई मिळाला असता तर माझी पोरगी सुखात असती. द्या!’’

मी खांगकडे आशेने पाहत होतो. तो तरी अडवेल. त्याने खोक्यावरची माहिती वाचली, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, ‘‘मेमरी पण जास्त आहे, मावशी. आपल्याला तीन जीबी, ह्याला चार.’’

इथेच घात झाला. मित्रांनो, मेमरी म्हणजे आमचे कोठार. चित्रे तिथे साठवायची. त्याचे कोठार माझ्याहून मोठे होते हे खरे. पण कोठारातला माल बाहेर आणायला दार लागते. माझ्या दारातून एका वेळी तीनशे चौऱ्याऐंशी जण शेजारी शेजारी बाहेर पडतात. सातशे वीसच्या दारातून चौसष्ट. शिवाय हिशोब करणारे कारकून माझ्याकडे त्याच्या चौपट. तो माझ्यापेक्षा पाच पिढ्या नवा होता, त्याला आजच्या चित्रफितींच्या नव्या भाषा येत होत्या, माझ्या दोन जाड तारांऐवजी तो चिमूटभर विजेवर चालायचा. हे सगळे गुण खरेच होते, मी कशाला नाकारू? पण वादळ, ढग, धुके, लाटा आणि चंद्र एकावर एक रचून ते भिंतभर हलवायचे म्हणजे दार रुंद लागते. हे खोक्यावर लिहिलेले होते, अगदी खाली, बारीक अक्षरात. खांगचे बोट तिथपर्यंत गेलेच नाही.

घरच्या छोट्या पडद्यावर त्याने नवे कार्ड लावून पाहिले. सगळे सुरळीत. छोट्या पडद्यावर चंद्रही छोटा असतो ना!

उत्सवाच्या गावी पोचायला ओहोटीमुळे उशीर झाला. भिंत उभी करेपर्यंत ढोल वाजू लागले. मावशींनी घाईघाईने नाटकविद्येच्या आद्यगुरूंच्या देव्हाऱ्यापुढे फळे मांडली, उदबत्ती लावली आणि सातशे वीसला पाया पडवून आणले. मी तिथेच, खालच्या पाटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

‘‘दादा,’’ त्याने मला विचारले, ‘‘इथं काम काय असतं?’’

‘‘चंद्र उगवायचा.’’

‘‘एवढंच?’’

मला रडू यावे तसे झाले. पोर गुणी होते. त्याचा काय दोष? त्याला कुणी विचारलेच नव्हते की तुला हे झेपेल का. पण माझ्या डोळ्यांपुढे ताम काका दिसत होते आणि मला माणसांना ओरडून सांगता येत नव्हते. तारेविना कार्ड म्हणजे जिभेविना माणूस. खांगने त्याला उचलून संगणकात बसवले आणि मला टेबलावर, दिव्यांच्या भिंतीमागे ठेवले. तिथून फटीतून रंगमंच दिसत होता. न दिसता तर बरे झाले असते.

राजवाड्याचा प्रवेश छान झाला. चित्र स्थिर होते, सातशे वीसने ते झकास दाखवले. आवाज नाही, घरघर नाही. मावशी खांगच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, ‘‘बघ, नऊ ते नऊच!’’

मग नदी आली. लाटा उठल्या आणि अडखळल्या. वीज चमकली ती अर्धी चमकून थांबली. ताम काका मधोमध होडीत उभे राहून वल्हे मारत होते. लाकडी ठोकळा वाजला. खांगने बोट दाबले. चंद्र उगवला नाही.

खांगने पुन्हा दाबले. काळे धुके तुटक तुटक हलत होते आणि चंद्राची नुसती कड वर येऊन अडकली होती. वादक अनुभवी, त्यांनी तीच सुरावट परत घेतली. पुन्हा ठोकळा वाजला. काका वल्हे मारत राहिले. प्रेक्षकांत कुणीतरी हसले. ‘‘म्हाताऱ्याला समुद्रापर्यंत जायचंय वाटतं!’’ एक जण ओरडला. मावशी पडद्याआडून आधी पुटपुटल्या, मग हाका मारू लागल्या, ‘‘काका, घ्या! ओळ घ्या!’’ काका वल्ह्याकडे बघत होते. वल्ह्यावर उजेड नव्हता. त्यांच्या मानेवरून घामाचे ओघळ उतरलेले मला फटीतून दिसले. असली असहायता मी कधी भोगली नव्हती. मी तिथे होतो, धडधाकट होतो आणि कागदात गुंडाळलेला होतो.

शेवटी मावशींनी पडदा पाडायला लावला आणि विनोदी नटाला पुढे ढकलले. ‘‘जा, काहीही कर. बदक हो, कोंबडा हो, पण त्यांना बसवून ठेव!’’

मग त्या भिंतीमागे आल्या. काका पाठमोरे, चहाचा पेला हातात घेऊन उभे होते. ‘‘काका, उभ्या उभ्या झोप लागली होती का?’’ काका वळले नाहीत. ‘‘काका!’’ पेल्यातला चहासुद्धा हलला नाही. मावशी थांबल्या. त्यांनी खांगकडे पाहिले. खांगने मान खाली घातली. मग त्या सावकाश चालत काकांच्या समोर गेल्या.

‘‘कधीपासून?’’ त्यांनी हाताने कानाकडे दाखवत विचारले.

काकांना ऐकू आले नाही, पण कळले. ‘‘गेल्या नववर्षाच्या आधीपासून.’’

‘‘मला का नाही सांगितलं?’’

‘‘सांगितलं असतं तर तू माझंही वय बोटांवर मोजलं असतंस. सात नि तीन. मोज की, किती होतात?’’

मावशींनी मोजले नाही. पण बोटे जरा हलली, ती मी पाहिली. त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच रागही आला, कारण बाहेर सगळे गाव बसले होते. ‘‘काका, शेवटचा प्रवेश बिघडला तर हे गाव आपल्याला परत बोलावणार नाही. आणि मग मला तुम्हाला उभं करता येणार नाही. उद्यापासून घरी. माझ्या हातात काही राहणार नाही.’’ ओठांवरून शब्द कळावेत म्हणून त्या एकेक शब्द तोंड वासून बोलत होत्या, त्यामुळे ते जास्तच कठोर वाटले.

‘‘तू चंद्र दाखव,’’ काका म्हणाले. ‘‘गाणं मी बघतो.’’

खांग कधीच टेबलाशी आला होता. ‘‘मावशी, चूक माझी. मी नुसते जीबी बघितले. जुनं बसवतो.’’

‘‘त्या बूला?’’

‘‘त्या बूला.’’

‘‘बसव,’’ मावशी म्हणाल्या आणि देव्हाऱ्याकडे पाठ केली.

बाहेर विनोदी नट कोंबडा झाला होता. खांगने मला नीट बसवले, दोन्ही जाड तारा जोडल्या. अंगात वीज आली आणि पहिल्याच क्षणी मला कळले की माझा कुरकुरणारा पंखा आता फिरतच नाही. त्या कागदात गुंडाळताना त्याच्यावर दाब पडला असावा. मित्रांनो, आम्ही तापलो की आपोआप मंदावतो. त्याहून तापलो तर डोळे मिटतो आणि सगळी भिंत काळी होते. शेवटच्या प्रवेशात वादळ आधी आणि चंद्र सगळ्यात शेवटी. तोवर एका पंख्यावर टिकायचे होते.

वादळ सुरू झाले. मी लाटा उठवल्या, सलग, न अडखळता. लोक शांत झाले. पण अंग तापत चालले. खांगने डब्याची बाजूची पत्र्याची फळी काढून फेकली. ‘‘मावशी, पंखा गेलाय! हवा पाहिजे!’’

मावशींनी इकडेतिकडे पाहिले, वेशभूषेच्या पेटीवरचा ताडाच्या पानाचा पंखा उचलला आणि जमिनीवर फतकल मारून त्या मला वारा घालू लागल्या. रेशमी पोशाख, गळ्यात जेडचे मणी, केसांत फूल आणि बाई घामाघूम होऊन चुलीला वारा घालावा तसा मला वारा घालत होती. ‘‘जरा दम धर रे बाबा,’’ त्या पुटपुटत होत्या. ‘‘जरा दम धर.’’ त्या मला म्हणत होत्या की काकांना, ते मला आजही सांगता येणार नाही. मला भीती वाटत होती. एक ढग हलवला की वाटायचे, आता गेलो. दुसरा हलवला की वाटायचे, आता नक्की.

ठोकळा वाजला. खांगने बोट दाबले. मी सगळे धुके बाजूला सारले आणि चंद्र वर आणला. पूर्ण, गोल, भिंतभर. वल्ह्यावर उजेड पडला. ताम काकांनी मान वर केली आणि ओळ उचलली.

तसे गाणे मी त्याआधी ऐकले नव्हते. पहिल्या ओळीच्या शेवटी मांडवातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि मग टाळ्या. कागदी पंख्यांत खोचलेल्या बक्षिसाच्या नोटा रंगमंचावर येऊन पडू लागल्या. मावशींचा हात मात्र थांबला नाही. पडदा पडेपर्यंत त्या वारा घालत राहिल्या.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली, सगळे गोड झाले. मलाही क्षणभर तसेच वाटले होते.

मंडळी सगळी भिंतीमागे गोळा झाली. मावशींनी माझ्यापुढे उदबत्ती लावली. तिची राख थेट माझ्या चालू पंख्यात येत होती. खांग म्हणाला, ‘‘मावशी, हे फार तापतंय. पंखा बदलायला पाहिजे आणि परवा जाऊन ते पाचशे साठ आणू या. ह्या वेळी मी सगळी माहिती तपासलीय. मेमरीचा मार्ग रुंद आहे, हिशोब करणारे भाग भरपूर आहेत, तापतही नाही. काकांच्या चंद्राची काळजी मिटेल.’’

मी मनातून म्हणत होतो, हो म्हणा, मावशी! तो माझ्यापेक्षा खरोखर चांगला आहे. त्याला आणा, मला सोडवा!

‘‘गप रे!’’ मावशी हसत म्हणाल्या. ‘‘नऊ आकड्यानं तोंडघशी पाडलं, आता हा एक आकडा आणून काय करू? हे बू नाही, हा आपला देव आहे. ह्याला उघडायचं नाही, हात लावायचा नाही, बदलायचं तर नावच काढायचं नाही.’’ मग त्या काकांसमोर उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्याने, एकेक शब्द फोडून बोलल्या, ‘‘काका, तुमची नि ह्याची पत्रिका जुळली! हे चालतंय तोवर तुम्ही गायचं! शब्द दिला!’’

सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. काकाही हसले, जरा उशिरा, इतरांचे चेहरे पाहून. त्यांना वाटले, आपण वाचलो. मावशींनी मायेनेच म्हटले होते, त्यात खोट नव्हती. खांग तेवढा हसला नाही. आणि मी.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, असे तुम्हाला सगळे सांगतात. मी म्हातारा एवढेच जोडतो की त्यांची पूजाही करू नका. आमचा पंखा बघा, धूळ झाडा, आम्ही किती तापतो ते हात लावून पाहा. नवे आणाल तेव्हा आकड्यावर भाळू नका, तळाची बारीक अक्षरे वाचा आणि ज्याला ते काम झेपेल त्यालाच बोलवा, मग तो जुना असो की नवा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या नदीकाठाने गेलात, मांडव दिसला, तर साउ मावशीला माझा एवढा निरोप द्या की तुमचा देव एका पंख्यावर चालला आहे. जरा लवकर जा. पुढच्या गावचे ढोल वाजू लागले आहेत, आणि म्हातारा वल्हे हातात घेऊन माझ्या उजेडाची वाट बघत उभा आहे.